श्वास उसना देताना

माझ्या कामाची सुरुवात रोज माणसाचा श्वास थांबवण्यानं होते. मी भूलतज्ज्ञ आहे. टेबलावर झोपलेल्या माणसाला आधी फेंटानिल देते, मग प्रोपोफॉल. मिनिटाभरात छाती हलायची थांबते. तोंडावर मास्क घट्ट धरून मी पिशवी दाबते, मग स्नायू सैल करणारं औषध देते, श्वासनलिकेत नळी घालते, आणि पुढचे दोन-तीन तास त्या माणसाचा श्वास माझ्या आणि यंत्राच्या हवाली असतो. टाके घालून झाले की तो श्वास मला ज्याचा त्याला परत द्यायचा असतो. नळीच्या टोकाशी त्याचा पहिला स्वतःचा श्वास जाणवतो, तो क्षण इतक्या वर्षांत माझ्यासाठी शिळा झालेला नाही.

श्वास दोन ठिकाणी थांबवता येतो, हे आमच्या शास्त्रातलं अगदी पायाभूत ज्ञान. फेंटानिल, मॉर्फिन ही औषधं मेंदूत, श्वासाचा हुकूम जिथून निघतो तिथे पोचतात. स्नायू ठणठणीत असतात, पण त्यांना सांगणारं कुणी उरत नाही. अ‍ॅट्राक्युरियम, व्हेक्युरोनियम ही औषधं स्नायूंवर काम करतात. तिथे हुकूम येत असतो, स्नायू ऐकत नाहीत. थिएटरमध्ये हे दोन्ही मी ठरवून, मोजून, पाठीशी ऑक्सिजन ठेवून करते. बीदर-कलबुर्गीच्या पट्ट्यात पावसाळा उतरणीला लागला की हेच दोन्ही प्रकार शेतांमधून आमच्या दारात येऊ लागतात. त्यात काहीच मोजलेलं नसतं.

मी इकडचीच. घर कमलनगरकडचं, घरात मराठी, बाजारात दखनी, शाळेत पुढे कन्नड. वैद्यकीय शिक्षण कलबुर्गीला झालं, तेव्हा त्या शहराला गुलबर्गा म्हणत. पुढची नोकरी आणि व्यवसाय बीदर, भालकी, बसवकल्याण, आळंद या टापूतच झाला. कलबुर्गी जिल्हा म्हणजे कर्नाटकातलं तुरीचं कोठार; इथल्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. बीदरकडे तुरीच्या जोडीला सोयाबीन, उडीद, मूग, ऊस. मृगात पेरलेली तूर दिवाळीच्या आसपास फुलावर येते, आणि फुलापाठोपाठ शेंगा पोखरणारी अळी येते. तोवर झाड माणसाच्या डोक्याला लागलेलं असतं. फवारणारा माणूस नळी उंच धरून त्या ओळींत शिरतो, आणि औषधाचा तुषार त्याच्याच तोंडावर, मानेवर, उघड्या हातांवर उतरतो. पाठीवरची टाकी गळत असते, सदरा पाठीला चिकटलेला असतो, दुपारी त्याच हातांनी भाकरी खाल्ली जाते. संध्याकाळी घरी आल्यावर माणूस म्हणतो, भवंड आली, डोळ्यांपुढं अंधारलं. घरचे म्हणतात, उन्हानं झालं असेल, पड जरा. २०१७ साली यवतमाळात कपाशी अशीच डोक्यावर गेली होती. फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राचं लक्ष तिकडं गेलं. आमच्याकडे असे रुग्ण एकेक करून येतात.

आणि दुसरे असतात ते फवारताना नव्हे, तर घोट घेऊन आलेले. १९९७-९८ च्या हंगामात अळीनं या भागातली तूर खाल्ली आणि त्यानंतर बीदर-गुलबर्ग्यातून शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या, हे त्या वेळी कळत्या वयात असलेल्या इथल्या प्रत्येकाला आठवत असेल. पण अतिदक्षता विभागात बसून मला जे दिसतं ते फक्त कर्जाचं नाही. भांडण, लग्न, परीक्षा, दारू, नवऱ्यानं उचललेला हात. शुद्धीवर आल्यावर बोलणाऱ्यांपैकी कितीतरी जण सांगतात की मनात आलं आणि बाटली हाताशी होती, मध्ये वेळ गेलाच नाही. यातल्या प्रत्येकाबद्दल मला माया वाटते, हे आधीच सांगून टाकते. कारण दवाखान्याच्या दारात त्यांच्याशी फार कठोरपणे बोललं जातं आणि मला ते कधी सहन झालेलं नाही.

फवारलेलं असो की प्यायलेलं, यातली बरीचशी औषधं ऑर्गनोफॉस्फेट जातीची असतात: मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरिफॉस, क्विनॉलफॉस, प्रोफेनोफॉस. जर्मनीत गेरहार्ड श्राडर या रसायनशास्त्रज्ञानं १९३६ साली कीटकनाशक शोधता शोधता टाबून हा युद्धातला विषारी वायू तयार केला. ही सगळी त्याच घराण्यातली. शरीरात मज्जातंतूचा निरोप पुढे नेणारं एक रसायन आहे, अ‍ॅसिटिलकोलिन. निरोप पोचला की ते लगेच मोडून टाकायला एक विकर असतं, कोलिनएस्टरेज. हे विष त्या विकरालाच जखडून ठेवतं. निरोप संपतच नाही. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडातून लाळ आणि फेस, अंग घामानं निथळतं, छातीत पाण्याची घरघर, मांड्यांवरचं मांस आपोआप उडत राहतं. अंगाला लसणासारखा उग्र वास येतो. आमच्या परिचारिका तो वास दारातूनच ओळखतात आणि कुणी सांगण्याआधी त्यावरच्या उताऱ्याचा, अ‍ॅट्रोपिनचा, ट्रे घेऊन येतात.

भूलतज्ज्ञाला हे विष परकं नाही. ऑपरेशन संपल्यावर स्नायूंवरचं औषध उतरवायला मी निओस्टिग्मिन देते, तेही त्याच विकराला अडवतं. फक्त थोडा वेळ, मोजून, आणि सोबत ग्लायकोपायरोलेटचं संरक्षण देऊन. उलट्या बाजूनं, सक्सिनिलकोलिन हे चार-पाच मिनिटांत उतरणारं औषध विषबाधेच्या रुग्णाला नळी घालताना चुकून दिलं, तर ते तासन्‌तास उतरत नाही, कारण त्याला मोडणारं विकर विषानं आधीच निकामी केलेलं असतं. त्यामुळे अशा रुग्णाच्या डोक्याशी उभं राहायला मला बोलावतात तेव्हा मी माझ्याच रोजच्या औषधांकडे उलट्या बाजूनं पाहत असते.

आता ज्या जागेबद्दल हे सगळं लिहिते आहे, तिच्याकडे येते. मेंदूच्या बुंध्याचा सगळ्यात खालचा भाग, मानेच्या वरच्या टोकाला, त्याला लंबमज्जा म्हणतात. तिच्या दोन्ही बाजूंना, पुढच्या अंगाला, पेशींचा एकेक लहानसा पुंजका आहे. एकेक पुंजका तुरीच्या दाण्यात मावेल. त्यात काही हजार पेशी. त्याचं नाव प्री-बॉट्झिंगर कॉम्प्लेक्स. शेजारच्या भागाला १९७८ साली जर्मनीतल्या एका परिषदेत जेवणाच्या टेबलावरच्या वाइनचं नाव दिलं गेलं, त्याच्या आधीचा म्हणून हा ‘प्री’. एवढ्या मोलाच्या जागेला हे नाव मिळालं, याचं मला वाईट वाटतं.

श्वासाचं मूळ या भागात कुठेतरी आहे हे फार जुनं ज्ञान. फ्रान्समध्ये लेगाल्वा या वैद्यानं सशांवर प्रयोग करून, १८१२ साली छापलेल्या पुस्तकात, लंबमज्जेतला एक लहान भाग गेला की श्वास गेला, असं दाखवलं होतं. पण नेमकी जागा सापडायला १९९१ साल उजाडलं. जेफ्री स्मिथ, जॅक फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवजात उंदराच्या लंबमज्जेचा पातळ काप काढून द्रवात जिवंत ठेवला. त्या कापाला ना फुप्फुसं होती, ना छाती, ना बाकीचा मेंदू. तरी त्याच्या मज्जातंतूंच्या टोकांवर श्वासाचा ठेका नोंदला जात होता. काप आणखी पातळ करत गेले, आणि ज्या थरात हा पुंजका होता तो गेला तेव्हाच ठेका थांबला. मी हा शोधनिबंध शिकत असताना वाचला आणि पुन्हा पुन्हा वाचला. शरीर नसलेला श्वास काचेखाली चालला होता.

माझी आजी हुमनाबादजवळच्या माणिकनगरच्या प्रभूंची भक्त. दिवसाचे श्वास २१,६०० आणि प्रत्येक श्वासाबरोबर आपोआप जप चालतो, असं ती सांगायची. ही अजपाजपाची कल्पना आपल्याकडच्या नाथपंथीयांत आणि योगमार्गात जुनी आहे. मिनिटाला १५ श्वास धरले तर चोवीस तासांचे बरोबर २१,६०० होतात. झोपेत, भांडणात, शेतात वाकलेलं असताना, तुमचं लक्ष नसताना हे श्वास कुणीतरी मोजून सोडतं. आजीला तो प्रभू दिसत होता. मला त्या जागी हे दोन दाणे दिसतात, आणि आश्चर्य तेवढंच वाटतं.

विषबाधेत पहिल्यांदा श्वास थांबतो तो बहुतेक इथे. उंदरांवर झालेल्या प्रयोगांत ऑर्गनोफॉस्फेट विष फक्त या जागेपाशी सोडलं, तरी काही मिनिटांत श्वास बंद पडला. फुप्फुसांना आणि छातीच्या स्नायूंना विषाचा स्पर्शही झालेला नव्हता. हे कळल्यावर माझ्या कामातल्या दोन गोष्टी पक्क्या झाल्या. पहिली अ‍ॅट्रोपिनची. ते रक्तातून मेंदूत शिरतं, ग्लायकोपायरोलेट शिरत नाही. अ‍ॅट्रोपिनचा साठा संपत आला की कुणीतरी ग्लायकोपायरोलेटवर काम भागवू पाहतं. लाळ आटते, छाती कोरडी होते, कागदावर सगळं ठीक दिसतं. पण मेंदूतल्या त्या जागेला त्यातला थेंबही मिळत नाही. म्हणून हंगाम सुरू होण्याआधी अ‍ॅट्रोपिनचा साठा मोजायचा, ही माझ्या शिस्तीतली गोष्ट झाली. आपल्याकडची एक अ‍ॅम्प्यूल ०.६ मिलिग्रॅमची. पहिल्यांदा तीन ते पाच द्यायच्या, पाच मिनिटांनी छाती ऐकायची, घरघर असेल तर दुप्पट, पुन्हा पाच मिनिटांनी पुन्हा दुप्पट. छाती स्वच्छ, नाडी ८० च्या वर, काख कोरडी, हे साधेपर्यंत थांबायचं नाही. रात्रीच्या पाळीतल्या मुली कापसात धरून एकामागून एक अ‍ॅम्प्यूल फोडत असतात, बोटं कापतात, पट्टी लावून पुढची फोडतात. त्यांचं नाव कुठल्याच कागदावर येत नाही.

दुसरी गोष्ट मोठी आहे, आणि ती सांगण्यासाठीच लिहायला बसले. विषानं गप्प झालेली ती जागा मेलेली नसते. फेंटानिलनं मी रोज तिला गप्प करते आणि ती रोज पुन्हा बोलू लागते. विष उतरायला वेळ लागतो, एक दिवस, तीन दिवस, कधी दोन-तीन आठवडे. तोवर कुणीतरी बाहेरून श्वास पुरवत राहिलं आणि रक्तात ऑक्सिजन टिकला, तर तो ठेका पुन्हा सुरू होतो. मरण बऱ्याचदा येतं ते विषानं नव्हे, तर मधल्या काळात श्वास पुरवणारं कुणी नसल्यानं.

हे ज्ञान जगाला ज्या रीतीनं मिळालं ती रीत आमच्या वॉर्डाला फार जवळची आहे. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. तो पोलिओ बऱ्याच रुग्णांत मेंदूच्या बुंध्यावरच घाला घालत होता. गिळणं आणि श्वास दोन्ही जात होते, आणि असे बहुतेक रुग्ण दगावत होते. लोखंडी पेटीतली यंत्रं मोजकी होती. ब्यॉर्न इब्सेन नावाचा भूलतज्ज्ञ पुढे आला. त्यानं एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्यातून नळी घालून, थिएटरमध्ये आम्ही दाबतो तशी पिशवी हातानं दाबायला सुरुवात केली. ती वाचली. मग वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पाळ्या लागल्या. दीड हजाराच्या आसपास विद्यार्थ्यांनी महिनोन्‌महिने, दिवसरात्र, अनोळखी माणसांसाठी पिशव्या दाबल्या, आणि मृत्यूंचं प्रमाण एकदम खाली आलं. आजच्या अतिदक्षता विभागाचा जन्म तिथला. पुढे त्याच देशात रुबेन आणि हेसे या दोघांनी १९५६ साली स्वतःहून फुगणारी पिशवी बनवली. तीच आपली अंबू बॅग.

सीमाभागातल्या लहान दवाखान्यात यंत्र नसतं किंवा असलेलं अडलेलं असतं, तेव्हा ही पिशवी नातेवाइकांच्या हातात येते. एका रात्रीची गोष्ट सांगते. औरादकडच्या एका खेड्यातला तरुण, सकाळी तुरीवर फवारणी, दुपारी घरात भांडण, संध्याकाळी आमच्याकडे. आला तेव्हा श्वास नव्हता, नाडी होती. नळी घातली, अ‍ॅट्रोपिन सुरू केलं. व्हेंटिलेटर एकच, त्यावर आधीच एक बाळंतीण होती. मोठ्या दवाखान्यात जागा मिळवायला फोन चालू होते. बीदर, कलबुर्गी, हैदराबाद, सोलापूर. त्याचा मोठा भाऊ कोपऱ्यात भिंतीला डोकं लावून उभा होता. त्याला बोलावलं, पिशवी हातात दिली, माझा हात त्याच्या हातावर ठेवून ठेका शिकवला: दाबा, सोडा, एक-दोन-तीन मोजा, दाबा. जोरात नाही, छाती जेवढी वर यायला हवी तेवढीच. थोड्या वेळानं त्याला ते जमलं. मी दुसऱ्या रुग्णाकडे जाऊन यायची आणि विचारायची, “दाबताय ना, अण्णा?” तो नजर भावाच्या छातीवरून न हलवता म्हणायचा, “दाबलालाव की, म्याडम.”

मध्यरात्रीनंतर त्याचा चुलता बसला, मग गावातून आलेला एक मुसलमान मित्र, मग पुन्हा भाऊ. त्या खोलीत मराठी, कन्नड आणि दखनीत एकच हिशेब चालला होता. भल्या पहाटे मी पिशवी हातात घेतली, तर दाबायच्या आधीच तिच्यात किंचित ओढ जाणवली. हा माझ्या ओळखीचा क्षण. रोज थिएटरमध्ये जो भेटतो तोच. भावाला म्हटलं, जरा हात धरा, तुम्हालाही कळेल. त्याच्या बोटांना ती ओढ कळली आणि तो मटकन खाली बसला. दुपारी रुग्णाला मोठ्या शहरात यंत्रावर हलवता आलं. तो जगला.

सगळ्यांच्या बाबतीत असं होत नाही. काहींना आणायलाच उशीर झालेला असतो. गाडीत, रस्त्यावर, श्वास थांबल्यावर आणि नाडी चालू असताना मधली जी मिनिटं जातात, त्यांत मेंदू ऑक्सिजनवाचून मरतो. अशा वेळी आम्ही नळी घालतो, हृदय चालतं, विषही उतरतं, पण माणूस परत येत नाही. ज्या घरानं दोन तास गाडी शोधण्यात घालवले त्या घराला हे सांगणं हा माझ्या कामातला सगळ्यात जड भाग आहे.

एक धोका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असतो. रुग्ण शुद्धीवर येतो, लाळ थांबते, चहा मागतो, घरचे सुटीची कागदपत्रं विचारू लागतात. आणि चोवीस ते शहाण्णव तासांच्या दरम्यान श्वास पुन्हा बसतो. या वेळी मेंदूत नाही, स्नायूंत. श्रीलंकेतल्या सेनानायके आणि करालियेड्डे या डॉक्टरांनी १९८७ साली ही अवस्था वेगळी ओळखून मांडली. तिची पहिली खूण मानेत दिसते. म्हणून आमच्याकडे दर पाळीला रुग्णाला उशीवरून मान उचलायला सांगतात. मराठी माणसाला “मान उचला”, कन्नड माणसाला “तली एत्री”, दखनी बोलणाऱ्याला “सर उठाओ”. मान उचलून धरता आली नाही, तर बाकी सगळं कितीही छान दिसलं तरी तो रुग्ण घरी जात नाही, नळीची तयारी डोक्याशी राहते. या चाचणीला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. मी जिथे जिथे काम केलं तिथे ती परिचारिकांना शिकवली, आणि त्यांनी ती माझ्यापेक्षा जास्त काटेकोरपणे पाळली.

मेंदूमृत्यूच्या तपासणीसाठीही मला बोलावतात. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टर, किमान सहा तासांच्या अंतरानं, दोनदा तपासतात. त्यातली शेवटची पायरी श्वासाची. भरपूर ऑक्सिजन देऊन यंत्र बाजूला करायचं, रक्तातला कार्बन डायॉक्साइड ६० च्या वर चढू द्यायचा आणि छातीकडे पाहत राहायचं. निरोगी लंबमज्जा त्या पातळीला गप्प बसूच शकत नाही. अपघाताच्या रुग्णात ही तपासणी निर्णायक असते. पण कीटकनाशकाच्या रुग्णात ती करायचीच नसते, अंगात विष आणि औषधं असेपर्यंत. बाहुल्या अ‍ॅट्रोपिननं विस्फारलेल्या, हातपाय सैल, श्वास नाही, सगळ्या खुणा मेलेल्या मेंदूच्या. आणि असे रुग्ण पुढे चालत घरी गेल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. घरच्यांना कुणी घाईनं “काही उरलं नाही” म्हणून सांगू लागलं की मी मध्ये पडते. कायदा आणि शास्त्र दोन्ही सांगतात की इथे थांबायचं असतं.

बरे होणाऱ्या रुग्णात मी आणखी एक गोष्ट शोधते: उसासा. निरोगी माणूस दर पाचेक मिनिटांनी नकळत एक दुप्पट खोल श्वास घेतो. मिटलेले वायुकोश त्यानं पुन्हा उघडतात. हा उसासाही याच पुंजक्यातून निघतो. २०१६ साली फेल्डमन आणि क्रॅस्नो यांच्या गटांनी उंदरांमध्ये त्याच्यामागच्या थोड्याशाच पेशी वेगळ्या ओळखल्या. यंत्राच्या पडद्यावर सारख्या उंचीच्या लाटा चालल्या असताना अचानक एक लाट दुप्पट वर जाते, तेव्हा मला कळतं की आत ठेका नुसता परतलेला नाही, तर आपलं सगळं काम करू लागला आहे. पुढच्याच वर्षी या पुंजक्यातल्या काही पेशी लोकस सेरुलियस या मेंदूला जागं ठेवणाऱ्या केंद्राला श्वासाची खबर देतात, असंही उंदरांत दिसलं. त्या पेशी काढल्या तर उंदीर विलक्षण शांत राहिले. हे जसंच्या तसं माणसाला लावता येत नाही. तरी नळी असलेल्या, घाबरून यंत्राशी झगडणाऱ्या रुग्णाचा हात धरून “सावकाश, माझ्याबरोबर घ्या” म्हणताना हे माझ्या मनात असतं. तो शांत होतो, हे मी पाहिलेलं आहे.

आता बाटलीबद्दल. बिहारमध्ये छपरा भागात जुलै २०१३ मध्ये शाळेच्या जेवणात मोनोक्रोटोफॉस गेल्यानं २३ मुलं मेली. केंद्र सरकारनं त्याच्या ३६ टक्के द्रावणावर बंदीचा आदेश काढला तो २०२३ साली, आणि असलेला साठा संपवायला मुदत दिली. श्रीलंकेनं हे फार आधी केलं. सगळ्यात घातक कीटकनाशकं १९९५ पासून टप्प्याटप्प्यानं बंद केली, आणि पुढच्या दोन दशकांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. शेतीचं उत्पन्न त्यामुळे घटलं नाही. तिथेही माणसांची दुःखं संपली नव्हती. हाताशी आलेल्या बाटलीत माणसाला परतायला वेळ देणारं औषध होतं, एवढाच फरक. माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडे उरलेल्या अतिविषारी औषधांचाही निकाल असाच लागला पाहिजे, आणि तोवर प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात अंबू बॅग, अ‍ॅट्रोपिनचा भरपूर साठा आणि मास्क नीट धरता येणारी दोन माणसं असली पाहिजेत. व्हेंटिलेटर नंतर येऊ दे.

वाचणारे अनेक जण शेतीवाले असतील, निदान गावाकडे कुणी असेल, म्हणून सांगते. फवारताना तोंड झाका, वाऱ्याकडे पाठ ठेवा, संध्याकाळी आंघोळीआधी कपडे वेगळे धुवायला टाका. औषधाची बाटली घरात, धान्याजवळ, लेकरांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. कुलूप लावा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. कुणाच्या पोटात गेलं तर मिठाचं, साबणाचं पाणी पाजून उलटी करवू नका. ते फुप्फुसात जातं. अंगावरचे कपडे काढा, साबण लावून भरपूर पाण्यानं धुवा, आपल्या हातात प्लास्टिकची पिशवी घाला, रुग्णाला कुशीवर झोपवा, बाटली सोबत घ्या आणि १०८ ला फोन करा. गाडी येईना तर मिळेल त्या गाडीनं जवळच्या, हो जवळच्याच, दवाखान्यात न्या. मोठ्या दवाखान्याच्या ओढीनं मधले दोन दवाखाने ओलांडू नका. दिल्लीच्या एम्समधलं विषबाधा माहिती केंद्र १८००११६११७ या क्रमांकावर डॉक्टरांना आणि घरच्यांनाही सल्ला देतं. आणि मनात तसा विचार येत असेल, स्वतःच्या किंवा घरातल्या कुणाच्या, तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो; त्यावर मराठीत बोलता येतं, कन्नडमध्येही.